दिवेलागणीचं एक गाव



दिवसाउजेडी जेवणं उरकलेली, भांडी पालथी घातलेली आणि सामायिकाला बसायला अजून दहा-पंधरा मिनिटं बाकी. आपल्या घरातली ही वेळ मला एका इंग्रजी चित्रात सापडली. सॅम्युएल पामरचं ‘द बेलमन’, १८७९ सालचं एचिंग. टेकड्यांच्या कुशीतलं छोटं गाव, बसलेली गुरं, खिडक्यांत उजेड, आणि हातात घंटा घेऊन रस्त्याने जाणारा पहारेकरी. मिल्टनच्या कवितेतला हा पहारेकरी, रात्री घराघराचं भलं चिंतणारा.

एचिंग करताना तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात, सुईने तो खरवडतात आणि पत्रा अ‍ॅसिडात घालतात. खरवडलेल्या जागीच तांबं झिजतं. त्या खाचांत शाई भरून वर कागद दाबायचा. म्हणजे यात उजेड काढता येत नाही, राखावा लागतो. पामर रेघांच्या दाटीत कोऱ्या कागदाचे तिळाएवढे ठिपके राखायचा. (थरात मधमाश्यांचं मेण असे, हे कळल्यावर मी जरा थबकले. आपण मधही खात नाही. पण चित्रावरून नजर हटेना.)

हे गाव म्हणजे बहुतांशी केंटमधलं शोरहॅम. पामर १८२६च्या सुमारास, ऐन विशीत तिथे राहायला गेला आणि १८३५च्या सुमारास परतला. चित्र काढलं तेव्हा तो ७४ वर्षांचा होता. मधल्या काळात, १८६१ साली, त्याचा थोरला मुलगा अवघ्या १९व्या वर्षी गेला होता. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी त्याला का हव्याशा वाटल्या असतील, हे आईला सांगायला नको.

पण ते गाव खरंच इतकं शांत होतं का? १८३० साली याच केंट परगण्यात शेतमजुरांनी मळणीयंत्रं फोडली, गंजींना आगी लावल्या. हिवाळ्यात हाताने मळणी करून त्यांची चूल पेटायची. यंत्राने तेवढंही काम नेलं. पामर तेव्हा शोरहॅममध्येच होता. त्याला मजुरांचा नाही, जाळपोळीचा राग आला. १८३२मध्ये त्याने वेस्ट केंटच्या मतदारांसाठी सुधारणावाद्यांच्या विरोधात पत्रकही छापलं. चित्रात यातलं काहीच नाही.

मी त्याला खोटारडा म्हणणार नाही. माझ्या आठवणीतलं आजीचं गावही असंच आहे: मंदिरातली घंटा, अंगणात पसरलेली वाळवणं, गोठ्यातली म्हैस. आजी मात्र १९७२च्या दुष्काळाबद्दल पुन्हा पुन्हा सांगायची. गल्लीतल्या बायका दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या आणि संध्याकाळी बोटांना चिंध्या गुंडाळून आमच्याच दारावरून परतायच्या. मी ते शंभरदा ऐकलंय. तरी गाव डोळ्यांपुढे आणलं की दारावरून जाताना मला एकही बाई दिसत नाही.