'फॉरेव्हर' : अर्थ आणि उगम

इंग्रजी मिस्सामध्ये प्रार्थनेच्या अखेरीस 'फॉर एव्हर अँड एव्हर' असे शब्द येतात व आपण 'आमेन' म्हणतो. मराठीत त्या अर्थाने 'युगानुयुग' हा शब्द रूढ आहे. या शब्दांचा नेमका अर्थ काय, ते येथे थोडक्यात पाहू.

व्युत्पत्ती : 'फॉर' व 'एव्हर' मिळून हे क्रियाविशेषण झाले. १६११ च्या 'किंग जेम्स' बायबलमध्ये ते दोन सुटे शब्द आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून जोडलेले रूप रूढ होत गेले. ब्रिटनमध्ये 'अनंतकाळ' या अर्थी सुटे लेखन आजही आढळते. 'एव्हर'चा संबंध अभ्यासक प्राचीन इंग्रजीतील 'सदैव' अशा अर्थाच्या 'आ' या शब्दाशी जोडतात. लॅटिन 'एवुम', ग्रीक 'आयोन' आणि संस्कृत 'आयुस्' हे शब्द त्याच कुळातले. म्हणजे या शब्दकुळाच्या मुळाशी घड्याळाचा काळ नसून आयुष्य आहे.

उपासनेतील रूप : लॅटिन प्रार्थनेतील 'सेकुला सेकुलोरुम' म्हणजे 'युगांची युगे'. इंग्लंडच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात त्यासाठी 'वर्ल्ड विदाउट एंड' असे शब्द आहेत. 'वर्ल्ड' म्हणजे मुळात 'मनुष्याचे युग', हे ध्यानात घेतले की हा अनुवाद विचित्र वाटत नाही.

शास्त्रग्रंथातील अर्थ : हिब्रू 'ओलाम' म्हणजे ज्याचा अंत दिसत नाही असा दीर्घ काळ. निर्गम २१:६ मध्ये दासाने धन्याची 'सदा' सेवा करावी, असे म्हटले आहे. तेथे अर्थ 'आयुष्यभर' एवढाच होतो. मग सार्वकालिक जीवनाचे अभिवचनही मर्यादितच मानायचे काय? मत्तय २५:४६ मध्ये शिक्षा व जीवन या दोहोंना एकच ग्रीक विशेषण लावले आहे. एकाला अंत मानला तर दुसऱ्यालाही मानावा लागेल, असा युक्तिवाद संत अगुस्तीन यांनी 'देवाचे नगर' या ग्रंथात केला.

सहाव्या शतकातील बोएथियस यांनी आणखी एक भेद दाखविला. न संपणारा काळ वेगळा आणि देवाचे अनंतत्व वेगळे : अनंतत्व म्हणजे अमर्याद जीवनाची एकाच वेळी लाभलेली परिपूर्ण प्राप्ती. संत थॉमस अक्वायनस यांनी हीच व्याख्या स्वीकारली.

म्हणूनच दफनविधीत आपण मृतांसाठी सार्वकालिक विसावा मागतो, तेव्हा केवळ न संपणारी वर्षे मागत नाही. देवाच्या जीवनात सहभाग मागतो. 'युगानुयुग' उच्चारताना हे आपण ध्यानी ठेवावे.