माकडताप : दोष माकडाचा नव्हे

आज खमरियात बसून मी तुम्हाला सह्याद्रीच्या जंगलात नेणार आहे. निमित्त आमच्या शेजारच्या वहिनींचं. त्यांचं माहेर सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात. काजूच्या दिवसांत त्या गावी जातात. या वेळी निघताना त्यांनी विचारलं, "भाऊजी, आमच्याकडे माकडताप आहे म्हणतात. मग त्या माकडांचाच एकदा बंदोबस्त का करत नाहीत?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तरासाठी १९५७ सालापर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात वानरं आणि माकडं मरून पडू लागली. त्याच सुमारास आसपासच्या गावांत माणसंही तापाने फणफणू लागली. पुण्यात १९५२ पासून विषाणू संशोधन केंद्र होतं. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. केंद्राचे संचालक टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी हॅरॉल्ड ट्रॅपिडो यांच्यापुढे पहिली शंका उभी राहिली ती पीतज्वराची. दक्षिण अमेरिकेच्या जंगलात त्या रोगाने अशीच माकडं मरतात, आणि भारतात तो कधीच आलेला नव्हता. तो आला असता तर हाहाकार उडाला असता.

पण मेलेल्या माकडात सापडला तो वेगळाच विषाणू. त्याचे जवळचे नातेवाईक निघाले रशियाच्या जंगलात गोचिडांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे विषाणू. म्हणजे शोध डासाचा करायचा नव्हता, गोचिडाचा करायचा होता. रोगाला नाव मिळालं 'क्यासनूर जंगल रोग'. लोकांनी मात्र त्याला माकडताप म्हटलं, आणि दोष माकडाच्या माथी बसला.

आता खरा प्रकार बघा. विषाणू जंगलात टिकतो तो गोचिडांत आणि उंदीर-चिचुंद्रीसारख्या लहान प्राण्यांत. माकडाला गोचीड चावतं, माकड आजारी पडतं आणि बहुधा मरतं. मेलेलं अंग गार पडलं की त्यावरची गोचिडं खाली उतरतात आणि त्या जागेभोवती धोका वाढतो. गाईम्हशींना या तापाचा त्रास होत नाही, पण मोठी गोचिडं त्यांच्याच रक्तावर पोसतात. जंगलात चरणारी गुरं वाढली की गोचिडंही वाढतात. माणसाला चावतात ती बहुतेक अर्धवट वाढलेली, डोळ्यांना जेमतेम दिसणारी बारीक गोचिडं. त्यांचा जोर डिसेंबर ते मे. एका माणसाकडून दुसऱ्याला हा ताप होत नाही.

अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणं, लाल डोळे, उलट्या. काहींच्या नाका-हिरड्यांतून रक्त येतं. बरं वाटतंय म्हणेपर्यंत काहींना ताप पुन्हा उलटतो आणि या वेळी मेंदूवर जातो. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. यावर खास औषध नाही, रुग्णाला सांभाळून तारून न्यावं लागतं.

मग हा ताप पसरला कसा? पुण्याच्या केंद्रात काम केलेले शास्त्रज्ञ होर्हे बोशेल यांनी १९६९ साली लिहिलं, की जंगल तोडून शेती आणि गुरं आत शिरली, त्यातून जुना तोल बिघडला. पुढे १९८२-८३ मध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या बेळ्तंगडी तालुक्यात मोठी साथ आली, ती काजूच्या लागवडीसाठी राखीव जंगल तोडल्यानंतर. बरीच वर्षं रोग कर्नाटकातच आहे असं वाटत होतं. नंतर २०१२ ला बंदीपूर, २०१३ ला केरळातलं वायनाड, २०१५ ला गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं पाली गाव, २०१६ ला आपलं दोडामार्ग, २०१७ ला सावंतवाडी तालुक्यातला बांद्याचा भाग. सोरब ते दोडामार्ग सरळ रेषेत दोनशे किलोमीटरही नाही. तेवढ्या अंतरावर हा ताप ओळखला जायला ५९ वर्षं लागली. यातला काही भाग रोगाच्या पसरण्याचा आहे आणि काही आपल्या तपासण्या सुधारल्याचा.

गोव्यात आणि सिंधुदुर्गात या तापाने गाठलं ते मुख्यतः काजूच्या बागांत राबणाऱ्यांना. बोंडं खाली पडतात ती पातेऱ्यात, आणि ती वेचायला खाली वाकावं लागतं. भाजावळीसाठी पातेरा गोळा करायचा, सरपण आणायचं, गुरं चारायची, हे सगळं त्याच महिन्यांत. म्हणून "जंगलात जाऊ नका" हा सल्ला शहरात बसून द्यायला सोपा आहे. ज्याचं वर्षाचं उत्पन्न त्या पातेऱ्यात पडलंय, त्याला तो काय उपयोगाचा? लसही होती, पण तिचा गुण पुरेसा येत नाही म्हणून कर्नाटकाने २०२२ मध्ये ती थांबवली.

तर वहिनींना मी सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. माकडाला मारून काही साधणार नाही. विषाणू गोचिडांत आणि उंदरांत राहणारच. उलट माकड मेलं की गावाला आगाऊ कळतं की इथे सावध व्हा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, हात लावू नका, आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला लगेच कळवा. ते तपासणीसाठी नमुने नेतील आणि भोवती औषध मारतील. बागेत जाताना अंगभर कपडे घाला, आरोग्य खातं देतं ते डेपा तेल हातापायांना लावा, पातेऱ्यात बसू नका. घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करा, कपडे धुवायला टाका. ताप आला तर "मी काजूत जातो" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते वाक्य सांगितलं नाही, तर डॉक्टर आधी मलेरिया-डेंग्यूच शोधत बसतील.

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे माकडच आम्हाला आधी सांगतं होय!" मंडळी, मला तासभर बोलून जे सांगायचं होतं, ते त्यांनी एका ओळीत सांगितलं. पुढच्या भागात भेटू.