बऱ्हाणपूरचा ग्रंथ आणि खान्देशातले सवाल

खान्देशच्या वाङ्मयीन परंपरेचा विषय निघाला की आपण असोद्याच्या बहिणाबाई, धरणगावचे बालकवी आणि अमळनेरचे साने गुरुजी यांच्यापाशी येऊन थांबतो. बऱ्हाणपूरच्या शेख निजामचे नाव त्या यादीत येत नाही. ते साहजिकच आहे. ग्रंथ अरबी, विषय धर्मशास्त्र, आणि बऱ्हाणपूर आता मध्य प्रदेशात. पण थाळनेरनंतर फारुकी सुलतानांची राजधानी हेच शहर होते, आणि रावेरकरांना ते आजही परके वाटत नाही. औरंगजेबाने हनफी पंथाच्या निर्णयांचा मोठा संग्रह करविला, तेव्हा त्या विद्वन्मंडळाचे प्रमुखपद या शेख निजामकडे होते. 1667च्या सुमारास सुरू झालेले हे काम काही वर्षे चालले आणि 'फतावा-ए-आलमगिरी' सिद्ध झाला.

नावावरून तो बादशाही फर्मानांचा संग्रह वाटेल. प्रत्यक्षात तो रोजच्या जगण्याच्या शंकांचा ग्रंथ आहे. आरंभ पाण्यापासून होतो: कोणत्या पाण्याने वजू चालेल, विहिरीत जनावर पडून मेले तर ती शुद्ध कशी करायची. मग नमाज, जकात, रोजा, हज. त्यानंतर निकाह, दूधनाते, तलाक. पुढे खरेदी-विक्री, गहाण, भागीदारी, आणि अगदी शेवटी वारसाहक्क. आपल्याकडे कमलाकर भट्टांचा 'निर्णयसिंधु' (1612) ज्या वृत्तीने मतमतांतरे मांडून निर्णय देतो, तीच वृत्ती येथे दिसते. प्रत्येक मतापाशी ते कोणत्या जुन्या ग्रंथातून घेतले याची नोंद असते. अशा ग्रंथांना आपण रूक्ष म्हणून बाजूला ठेवतो, हे मला पटत नाही. काल्पनिक प्रसंग रचून त्यातून नियमाची कड तपासण्याची त्यांची रीत कथेच्या फार जवळची आहे.

या परंपरेतला एक भेद ध्यानात घ्यायला हवा. मुफ्ती देतो तो फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला दिलेले मत; काजी देतो तो निवाडा. फतवा पाळायचा की नाही हे विचारणाऱ्याच्या श्रद्धेवर असते, निवाड्यामागे मात्र सत्ता असते. मराठी वर्तमानपत्रांतून 'फतवा काढला' असे आपण हुकूम या अर्थाने सर्रास लिहितो. मूळ शब्दात हुकूम नाही.

इंग्रजी अमलात हा ग्रंथ कापला गेला. 1772च्या वॉरन हेस्टिंग्जच्या योजनेत विवाह, वारसा आणि धार्मिक रिवाज यांपुरता हिंदूंना शास्त्र आणि मुसलमानांना कुराण लागू झाले. 1818 साली खान्देश कंपनीकडे आला; मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या 1827च्या संहितेने देशरिवाजाला पक्षकाराच्या धर्मशास्त्राच्याही आधी स्थान दिले. न्यायालयांत सल्ला देणारे पंडित आणि काजी 1864च्या कायद्याने गेले. आता न्यायाधीशाला वाचता येईल असे पुस्तक हवे होते. 1865 साली नील बेली यांनी मुख्यतः 'फतावा-ए-आलमगिरी'वरून इंग्रजी सारसंग्रह केला आणि न्यायालयांत जे विषय येतात तेवढेच त्यात घेतले. वजूचे पाणी गळाले. व्याजाला ग्रंथात मनाई, पण 1855च्या कायद्याने व्याजदरावरची बंधने उठलीच होती, आणि 1872च्या करार कायद्याने व्यवहाराचा बहुतेक भाग आपल्याकडे घेतला. अखंड ग्रंथातून उरले ते कुटुंब.

या कापाकापीची सर्वांत मोठी किंमत बायकांनी दिली, असे माझे मत आहे. एकाच दमात तीन वेळा तलाक म्हणणे हे हनफी शास्त्रात पाप आहे, तरी तो तलाक लागू होतो; ग्रंथात ही दोन्ही वाक्ये शेजारी-शेजारी नांदतात. 1905 साली मुंबई उच्च न्यायालयाने साराबाई विरुद्ध राबियाबाई या खटल्यात असा तलाक धर्मदृष्ट्या वाईट असला तरी कायद्याने ग्राह्य आहे, असे ठरवले. पापाचा अर्धा भाग मशिदीत राहिला, परिणामाचा अर्धा न्यायालयात आला.

वारसाहक्कात मात्र ग्रंथ अजूनही पूर्णांकांत बोलतो. समजा रावेरचा एक गृहस्थ पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली मागे ठेवून वारला. पत्नीला आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. मालमत्तेचे 32 भाग केले तर पत्नीचे 4, मुलाचे 14 आणि प्रत्येक मुलीचे 7. त्याआधी दफनाचा खर्च आणि कर्जे भागवायची, आणि न दिलेला मेहेर हेही नवऱ्यावरचे कर्जच. जनाज्यापाशी बाईकडून मेहेर 'माफ' करवून घेण्याची चाल किती जणींना महागात पडली असेल! शिवाय 1937च्या शरियत कायद्याने रूढी बाजूला सारून शास्त्र लागू केले, पण त्यातून शेतजमीन वगळली, कारण ती प्रांतांच्या अखत्यारीत होती. म्हणजे घर आणि दागिन्यांबाबत मुलीचे 7 भाग पक्के, पण केळीच्या बागेत तिच्याविरुद्ध रूढी पुढे करायला वाट राहिली.

जळगाव-धुळ्याची अपिले ज्या औरंगाबाद खंडपीठाकडे जातात, त्याच्या पूर्णपीठाने 2002 साली दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या खटल्यात वेगळा सूर लावला. पोटगीच्या दाव्यात 'मी आधीच तलाक दिला आहे' एवढे लिहून देणे पुरेसे नाही. कारण, मध्यस्थ आणि समेटाचा प्रयत्न हे सारे सिद्ध करावे लागेल. 1905 साली सुटे झालेले दोन अर्धे येथे पुन्हा जवळ आले. पुढे 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तलाक रद्द ठरवला आणि 2019च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा झाला.

जळगावचा आणखी एक सवाल कोणत्याच ग्रंथात नव्हता. 1982च्या सुमारास तेथील मुस्लिम पंच कमिटीने स्त्रियांना चित्रपटगृहात जायला बंदी केली. कोणी मुफ्तीला विचारले नव्हते, काजीने निवाडा दिला नव्हता; पंचांनी ठरवले आणि धर्माच्या नावाने ते चालू लागले. रझिया पटेल यांनी त्याविरुद्ध आंदोलन उभे केले. त्यांचे 'चाहूल' हे आत्मकथन मराठीत आहे.