धुळ्याचा चौरस्ता, तीन संघ आणि पहिल्याच हंगामातला प्रशिक्षक

धुळे शहराजवळ दोन जुने महामार्ग एकमेकांना छेदतात. एक मुंबईहून निघून इंदूरमार्गे आग्र्याला जातो, दुसरा सुरतेहून नागपूरकडे. खानदेशातील क्रिकेट पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या अखत्यारीत येते, आणि महाराष्ट्राच्या संघाने रणजी करंडक शेवटचा जिंकला तो १९४०-४१ च्या हंगामात, प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली. परंतु धुळ्याच्या चौरस्त्यावरून फुटणारे रस्ते ज्या तीन शहरांकडे जातात, त्या मुंबई, नागपूर आणि इंदूर या तिन्ही ठिकाणी गेल्या काही वर्षांत रणजी करंडक पोहोचला. तिन्ही वेळा प्रशिक्षक एकच होता, आणि तिन्ही वेळा तो त्या नेमणुकीतला त्याचा पहिलाच रणजी हंगाम होता.

त्याचे नाव चंद्रकांत पंडित.

नव्याने नेमलेला प्रशिक्षक आणि वर्षातला सर्वांत मोठा सामना यांचे नाते अवघड असते. संघ त्याने घडवलेला नसतो, पण हार-जीत त्याच्या नावावर लिहिली जाते. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलने या पेचावर स्वतःचा तोडगा काढला आहे. तेथे हंगाम संपल्यावर, नाताळ आणि नववर्षाच्या सुमारास, निवडक संघांमध्ये मानाचे ‘बाउल’ सामने होतात. या परंपरेतला पहिला सामना कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे १९०२ मध्ये खेळला गेला. प्रशिक्षकांच्या नेमणुकाही नेमक्या याच दिवसांत होतात. त्यामुळे जुना प्रशिक्षक निघून गेलेला, नवा जाहीर झालेला, आणि मधला सामना मात्र एखाद्या सहायकाच्या हाती, असे दृश्य तेथे वारंवार दिसते. २००९ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठाचा संघ बाराही सामने जिंकून शुगर बाउलसाठी पात्र ठरला. त्याचे प्रशिक्षक ब्रायन केली डिसेंबरमध्येच नोटर डेम विद्यापीठाकडे गेले. बुच जोन्स यांची नेमणूकही झाली. पण १ जानेवारी २०१० रोजी न्यू ऑर्लिन्सच्या मैदानावर संघ उतरला तो सहायक प्रशिक्षक जेफ क्विन यांच्या देखरेखीखाली, आणि फ्लोरिडाने त्याला ५१-२४ असे हरवले. नव्या प्रशिक्षकाला त्या पराभवाची झळ लागली नाही. सोय चांगली आहे, फक्त ती खेळाडूंची नव्हे.

भारतात असा मधला माणूस क्वचित दिसतो, पण दिसलाच नाही असे नाही. डिसेंबर २०२२ मध्ये भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक रमेश पोवार यांची बदली बंगळूरच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत झाली. दोनच महिन्यांवर दक्षिण आफ्रिकेतील टी-२० विश्वचषक होता. कायम मुख्य प्रशिक्षक नेमला गेला नाही. फलंदाजीचे प्रशिक्षक म्हणून आलेले हृषीकेश कानिटकर यांच्याकडेच संघाची धुरा आली. हे तेच कानिटकर, ज्यांनी जानेवारी १९९८ मध्ये ढाक्यात पाकिस्तानविरुद्ध निर्णायक चौकार मारला होता, आणि ज्यांनी नंतर राजस्थानचे कर्णधारपद घेऊन त्या संघाला लागोपाठ दोन रणजी विजेतेपदे मिळवून दिली होती. २३ फेब्रुवारी २०२३ रोजी केपटाऊनच्या उपांत्य सामन्यात भारत ऑस्ट्रेलियाकडून अवघ्या पाच धावांनी हरला. हरमनप्रीत कौर अर्धशतकानंतर धावबाद झाली, तिची बॅट जमिनीत अडकली, हे चित्र सर्वांना आठवते. त्या संघाबरोबर कायमचा मुख्य प्रशिक्षक नव्हता, हे फारसे कोणाला आठवत नाही.

रणजी करंडकात मात्र नेमणूक बहुधा हंगामापूर्वी होते. नव्या माणसाला काही महिने मिळतात, आणि त्यानंतर अंतिम सामना आलाच तर त्याला कोणामागेही दडता येत नाही.

मुळात पगारी प्रशिक्षक ही व्यवस्थाच रणजीत उशिरा आली. होळकर संघाने १९४५ ते १९५३ या काळात चार वेळा करंडक जिंकला तेव्हा सूत्रे कर्णधार कर्नल सी. के. नायडू यांच्या हाती असत. (नायडूही मूळचे नागपूरचे, होळकरांच्या बोलावण्यावरून इंदूरला गेलेले.) मुंबईने १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे करंडक राखला, तोही कर्णधारांच्या आणि मैदानी परंपरेच्या बळावर. प्रशिक्षक ड्रेसिंग रूममध्ये स्थिरावला तो त्यानंतर बऱ्याच काळाने.

पंडित रमाकांत आचरेकर यांचे शिष्य, यष्टिरक्षक-फलंदाज. भारतासाठी ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळलेले. कारकिर्दीच्या उत्तरार्धात ते मध्य प्रदेशकडे गेले आणि १९९८-९९ मध्ये कर्णधार म्हणून त्यांनी तो संघ अंतिम सामन्यात नेला. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशने कर्नाटकविरुद्ध पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेतली. रणजीच्या नियमानुसार सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक त्यांचाच होता. शेवटच्या दिवशी विजय भारद्वाजने २४ धावांत ६ बळी घेतले, मध्य प्रदेश १५० धावांत आटोपले आणि ९६ धावांनी हरले. फक्त दिवस खेळून काढायचा होता.

प्रशिक्षक झाल्यावर पंडितांनी मुंबईला २००२-०३ आणि २००३-०४ अशी दोन विजेतेपदे दिली. २०१५ मध्ये ते पुन्हा मुंबईकडे आले आणि त्याच हंगामात, आदित्य तरेच्या नेतृत्वाखाली, मुंबईने पुण्यात सौराष्ट्राला एका डावाने हरवले. पुढच्या वर्षीही मुंबई अंतिम सामन्यात होती. जानेवारी २०१७, इंदूरचे होळकर स्टेडियम. चौथ्या डावात ३१२ धावांचे लक्ष्य गुजरातने गाठले. पार्थिव पटेलने १४३ धावा केल्या. दोन वर्षांत दोन अंतिम सामने, त्यांतला एक जिंकलेला, एक हरलेला. तरीही मुंबईने पुढच्या हंगामासाठी समीर दिघे यांना नेमले.

पंडित नागपूरला गेले.

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळत होता आणि एकदाही अंतिम सामन्यात पोहोचला नव्हता. पण पंडितांनी जादूची कांडी फिरवली असे म्हणणे हा इतरांवर अन्याय ठरेल. जामठ्याचे स्टेडियम आणि संघटनेची निवासी अकादमी आधीपासून होती. पारस म्हांब्रे यांनी पूर्वी या संघाला प्रशिक्षण दिले होते. वसीम जाफर मुंबई सोडून २०१५ मध्येच आले होते. फैज फजल हा घरचा कर्णधार होता, वेगवान गोलंदाजांसाठी सुब्रतो बॅनर्जी होते. सरपण रचून तयार होते.

उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर विदर्भाने कर्नाटकला केवळ पाच धावांनी हरवले. दुसऱ्या डावात रजनीश गुरबानीने ६८ धावांत ७ बळी घेतले. हा गुरबानी स्थापत्य अभियंता. अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने त्रिफळ्यांची हॅट्ट्रिक साधली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती दुसरीच हॅट्ट्रिक; पहिली १९७२-७३ मध्ये तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमने घेतली होती. दिल्लीच्या २९५ धावांना उत्तर देताना विदर्भाने ५४७ धावा केल्या. त्यांत सर्वाधिक १३३ होत्या अक्षय वाडकर या यष्टिरक्षकाच्या. त्याचे पदार्पण त्याच हंगामातले, आणि हे त्याचे पहिले प्रथम श्रेणी शतक. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ नऊ गडी राखून विजयी झाला.

मैदान होते इंदूरचे होळकर स्टेडियम. वर्षभरापूर्वी जेथे मुंबईचा प्रशिक्षक म्हणून पंडित हरले होते, तेच.

पहिल्या हंगामात प्रशिक्षक खेळाडूचे तंत्र बदलू शकत नाही. तेवढा वेळच नसतो. तो बदलू शकतो सरावाची वेळ, संघनिवडीचे निकष आणि ‘इथवर आलो हेच पुष्कळ’ ही वृत्ती. कडक शिस्त हा पंडितांचा लौकिक आहे आणि त्याबद्दल सर्वांचेच मत चांगले नाही. पण नवख्या वाडकरवर यष्टिरक्षणाची जबाबदारी सोपवणे आणि अंतिम सामन्यापर्यंत तो विश्वास कायम ठेवणे, हे निर्णय त्या हंगामातलेच होते. पुढच्या वर्षी नागपूरला सौराष्ट्राविरुद्ध विदर्भाने करंडक राखला. आदित्य सरवटेने अकरा बळी घेतले, त्यांत दोन्ही डावांत चेतेश्वर पुजारा.

मार्च २०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशचे प्रशिक्षक झाले. महामारीमुळे २०२०-२१ चा रणजी हंगामच झाला नाही, म्हणून २०२१-२२ हा त्यांचा तेथील पहिला रणजी हंगाम ठरला. अंतिम सामना जून २०२२ मध्ये, पुन्हा चिन्नास्वामीवर. समोर मुंबई, आणि मुंबईच्या बाजूला आदल्या वर्षी नेमलेले अमोल मुझुमदार. तेही आचरेकरांचेच शिष्य. दोन्ही ड्रेसिंग रूममध्ये नवे प्रशिक्षक आणि गुरू एकच! मुंबईच्या ३७४ धावांपुढे मध्य प्रदेशने यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांच्या शतकांच्या जोरावर ५३६ धावा केल्या आणि सहा गडी राखून सामना जिंकला. ज्या मैदानावर तेवीस वर्षांपूर्वी करंडक निसटला होता, तेथेच खेळाडूंनी पंडितांना खांद्यावर उचलले. त्यांना अश्रू आवरले नाहीत.

पहिल्या हंगामाचे हे सूत्र सर्वत्र लागू पडले नाही. कोलकाता नाइट रायडर्सबरोबर २०२३ मधील पंडितांचा पहिला आयपीएल हंगाम सातव्या स्थानावर संपला. विजेतेपद २०२४ मध्ये आले. आणि मुझुमदारांची वाट तर याहून लांबची होती. १९८८ मध्ये शालेय सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागी रचली तेव्हा पॅड बांधून वाट पाहणारा पुढचा फलंदाज तोच. प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा करूनही भारताकडून एकही सामना नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांना भारतीय महिला संघाचे प्रशिक्षकपद मिळाले, म्हणजे पोवारांनंतर रिकामी राहिलेली जागा. पहिल्या वर्षी संघ टी-२० विश्वचषकाच्या गटसाखळीतच बाद झाला. त्यांना हटवले गेले नाही. २०२५ च्या एकदिवसीय विश्वचषकात सलग तीन पराभव झाले, तरी तेच कायम राहिले; आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिला विश्वचषक जिंकला.

दरम्यान नागपुरात पंडित नव्हते. २०२४ मध्ये विदर्भ अंतिम सामन्यात मुंबईकडून हरला. त्या मुंबईचे प्रशिक्षक ओंकार साळवी यांचाही तो पहिलाच हंगाम होता. पुढच्या वर्षी, २ मार्च २०२५ रोजी, जामठ्याच्या मैदानावर केरळविरुद्धचा सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. प्रशिक्षक होते उस्मान गनी. करंडक स्वीकारणारा कर्णधार होता अक्षय वाडकर.