लिंक पाठवली की फोटो आणि मथळा आपोआप कुठून येतो?

व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या बातमीची लिंक पेस्ट केली की पाठवायच्या आधीच तिथे एक छोटा चौकोन तयार होतो. त्यात फोटो, मथळा, एखाद-दोन ओळी आणि साइटचं नाव दिसतं. आपल्यापैकी अनेकजण बातमी न उघडता हा चौकोनच वाचतात आणि फॉरवर्ड करून मोकळे होतात. पण त्यातला मजकूर ठरवतं कोण?

तर, ज्या साइटची लिंक आहे, ती साइटच. प्रत्येक वेब पानाच्या कोडमध्ये सुरुवातीला 'हेड' नावाचा भाग असतो. तिथल्या काही ओळी वाचकाला दिसतच नाहीत, त्या मशीनसाठी असतात. पानाबद्दलच्या या माहितीला मेटाडेटा म्हणतात. ग्रंथालयातल्या पुस्तकाच्या कार्डासारखंच हे काम. फरक इतकाच की ते कार्ड ग्रंथपाल लिहितो, इथे पुस्तक स्वतःच स्वतःबद्दल लिहितं!

चौकोनामागची पद्धत म्हणजे ओपन ग्राफ. फेसबुकने ती 2010 मध्ये आणली आणि नंतर इतर ॲप्सनीही ती वाचायला सुरुवात केली. तिच्यात चार गोष्टी आवश्यक मानल्या जातात: शीर्षक, प्रकार, चित्र आणि पानाचा मूळ पत्ता.

सर्च इंजिनांना मात्र यापेक्षा जास्त तपशील हवा असतो. त्यासाठी 2011 मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग हा सामायिक शब्दसंग्रह सुरू केला. पुरणपोळीची रेसिपी शोधल्यावर निकालातच फोटो, लागणारा वेळ आणि रेटिंग दिसतं, ते याच्या जोरावर. हे शब्द कोडमध्ये मायक्रोडेटा, आरडीएफए किंवा जेसन-एलडी अशा तीन पद्धतींनी लिहिता येतात. पहिल्या दोन्हींत खुणा पानाच्या मजकुरातच पेराव्या लागतात. जेसन-एलडीत सगळी माहिती एका वेगळ्या ठोकळ्यात बसते. सांभाळायला सोपी म्हणून गूगलही तीच सुचवतं.

आता अडचणीचा भाग. चौकोनातला मथळा आणि पानावरचा मथळा एकच असला पाहिजे, अशी तांत्रिक सक्ती नाही. बातम्यांच्या साइट्सवर 'सोशल हेडलाइन'चा रकाना अनेकदा वेगळा असतो आणि तो भरताना आम्हा पत्रकारांचा हात जरा सैल सुटतो, हे मान्य करायला हवं. पूर्वी तर फेसबुकवर लिंक टाकणारा कुणीही हा मथळा आणि फोटो बदलू शकत होता. खोट्या बातम्यांसाठी त्याचा वापर होऊ लागल्यावर 2017 मध्ये फेसबुकने त्यावर बंधनं आणली.

दुसरी गोष्ट जुन्या चौकोनांची. व्हॉट्सॲपवरचा चौकोन पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतो आणि मेसेजसोबत जातो. नंतर साइटने चूक दुरुस्त केली, तरी तुमच्या ग्रुपमधला चुकीचा मथळा तसाच राहतो. फेसबुकही एकदा वाचलेली माहिती साठवून ठेवतं. ती ताजी करण्यासाठी साइटवाल्यांना 'शेअरिंग डीबगर' हे टूल वापरता येतं.

शंका आली तर कॉम्प्युटरवर ते पान उघडा, राइट क्लिक करून 'व्ह्यू पेज सोर्स' निवडा आणि 'ओजी' ही दोन इंग्रजी अक्षरं आणि पुढे विसर्गासारखं कोलन टाकून शोधा. चौकोनात दिसणारा मथळा तिथे सापडेल. तो पानावरच्या मथळ्याशी ताडून बघा.