विद्युतरोधनाची कसोटी : उच्चदाब केबल-चाचणीचा ऐतिहासिक मागोवा

मराठवाड्याच्या विद्युतीकरणाचा इतिहास लिहिताना येलदरीचे जलविद्युत केंद्र (१९६८) आणि परळीचे औष्णिक केंद्र (१९७१) यांची नोंद हमखास घेतली जाते. तयार झालेली वीज जमिनीखालच्या केबलमधून सुरक्षित जाईल की नाही, हे ठरविणाऱ्या चाचणीकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात तिच्या इतिहासातील एकाच प्रश्नाचा विचार केला आहे : परीक्षेसाठी लावलेला दाबच केबलला इजा करतो काय ?

हा प्रश्न वीजपुरवठ्याच्या आधी तारायंत्राने उपस्थित केला. ऑगस्ट १८५८ मध्ये आयर्लंड व न्यूफाउंडलंड यांना जोडणारी अटलांटिक केबल सुरू झाली. तिच्या तांब्याच्या तारांवर गटापर्चा या वृक्षाच्या चिकाचे आवरण होते. संदेश क्षीण होताच कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी सुमारे २००० व्होल्टचा दाब वापरला. मुळातच सदोष असलेले आवरण त्याने अधिक खचले व काही आठवड्यांतच केबल मुकी झाली. सारा दोष व्हाइटहाउस यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल, कारण केबलची घडण व साठवणूकही निकृष्ट होती. पुढे तांबड्या समुद्रातील केबलही निकामी झाली. संयुक्त चौकशी समितीच्या १८६१ च्या अहवालाने मोजमापाला शिस्त आणली. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबई व एडन यांना केबलने जोडले, तेव्हा ही शिस्त रुळलेली होती.

वीजवाहक केबलमध्ये तेलात मुरविलेला कागद आला. फेरांटी यांनी १८९० च्या सुमारास डेप्टफर्डहून लंडनला १०,००० व्होल्टने वीज नेली ती मेणात मुरविलेल्या कागदाच्या केबलमधून. लांब केबलला ५० हर्ट्झचा प्रत्यावर्ती दाब लावायचा तर धारितेमुळे मोठा प्रवाह पुरवावा लागतो, म्हणजे अवजड रोहित्र हवे. एकदिश दाबाचा संच त्या मानाने हलका. म्हणून तीच पद्धत रूढ झाली व भारतीय मानक १२५५ (१९८३) मध्येही तिला स्थान मिळाले.

कागदी केबलला ही पद्धत मानवली. एक्सएलपीई या प्लास्टिकच्या आवरणाला तेवढी मानवली नाही. ओलाव्याने जुन्या आवरणात झाडाच्या फांद्यांसारख्या सूक्ष्म रेषा पडतात. एकदिश दाबाने तेथे विद्युतभार साचून राहतो आणि चाचणीत उत्तीर्ण झालेली केबल पुन्हा सेवेत येताच फुटू शकते. व्हाइटहाउस यांचा प्रश्न असा शतकाहून अधिक काळानंतर परतला. त्यावर ०.१ हर्ट्झच्या अतिनीच वारंवारितेचा उपाय निघाला. २००४ मध्ये त्यासाठी आयईईई ४००.२ ही मार्गदर्शिका आली. या वारंवारितेला ५० हर्ट्झच्या मानाने प्रवाह पाचशेपट कमी लागतो, त्यामुळे संच वाहनातून नेता येतो.

परभणीसारख्या जिल्ह्यात आणखी एक बाब ध्यानी घ्यावी लागते. तापमान वाढले की आवरणाचा रोध घटतो, हे गटापर्चाच्या काळापासून ज्ञात आहे. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. नोंदवहीत तापमानाचा रकाना कोरा असेल, तर मेगरने मे महिन्यात घेतलेला आकडा डिसेंबरच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही.