नगरवाढ आणि स्थानिक वित्त : मुंबईचा अनुभव

नगराची लोकसंख्या, क्षेत्र व बांधकाम यांत वाढ झाली असता स्थानिक शासनसंस्थेच्या उत्पन्नात किती भर पडेल आणि तिच्यावरील खर्चाचा बोजा किती वाढेल, यांचा तुलनात्मक अंदाज बांधण्याच्या प्रक्रियेस नगरवाढीचे वित्तीय मूल्यमापन असे म्हणतात. नवी वसाहत उभी राहिली की घरपट्टी, पाणीपट्टी व शुल्के यांच्या रूपाने उत्पन्न वाढते. त्याचबरोबर रस्ते, जलनिःसारण, शाळा, दवाखाने व अग्निशामक दल यांवरील खर्चही वाढतो. या दोहोंची वजाबाकी वरकरणी सोपी वाटते. परंतु खर्च आधी व हमखास करावा लागतो, तर उत्पन्न नंतर व अनिश्चित प्रमाणात येते. शिवाय खर्च एका तिजोरीतून आणि लाभ दुसऱ्याच्या पदरात, असेही अनेकदा घडते. या विषयाची खरी अडचण या दोन गोष्टींत आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रक्रियेला शास्त्रीय रूप देण्यात आले. रॉबर्ट बर्चेल व डेव्हिड लिस्टोकिन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक ग्रंथात तिच्या सहा पद्धतींचे विवेचन आहे. त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात सध्याचा दरडोई सरासरी खर्च काढून नव्या लोकसंख्येने त्यास गुणतात. दुसऱ्यात प्रत्यक्ष वाढीव, म्हणजे सीमान्त, खर्च पाहतात. विद्यमान जलवाहिनीत पुरेशी क्षमता शिल्लक असेल, तर शंभर नव्या कुटुंबांचा खर्च नगण्य असतो. ती क्षमता संपली असेल, तर त्याच शंभर कुटुंबांपायी नवे धरण बांधण्याची वेळ येते. पहिली पद्धत सुलभ, परंतु हा फरक तिच्यात लपून राहतो.

पद्धतींना हे नामाभिधान मिळण्यापूर्वी सुमारे शतकभर मुंबईच्या नगरपालिकेपुढे हाच प्रश्न निरनिराळ्या स्वरूपांत उभा राहिला होता. त्याची उत्तरेही तेथे निरनिराळी दिली गेली. म्हणून त्या शहराचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक ठरतो.

भरती व ओहोटी (१८६१–७२) : अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापूस व्यापाराला अभूतपूर्व तेजी आली. बँका, वित्तसंस्था व समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या यांचे पेव फुटले. १८६४ च्या गणनेत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. १८६५ च्या कायद्याने नगरपालिकेची कार्यकारी सत्ता एका आयुक्ताच्या हाती देण्यात आली आणि जस्टिस ऑफ द पीस या सरकारनियुक्त प्रतिष्ठितांच्या मंडळाकडे देखरेख सोपविण्यात आली. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी रस्ते, गटारे, सफाई व मंडई यांची कामे मोठ्या धडाडीने हाती घेतली. वाढते शहर वाढता कर देईल, असे त्यामागील गृहीत होते.

तथापि १८६५ च्या मध्यास तेजी कोसळली. पेढ्या बुडाल्या, जागांची भाडी उतरली आणि लोक शहर सोडून जाऊ लागले. १८७२ च्या जनगणनेत लोकसंख्या ६,४४,४०५ इतकी, म्हणजे आठ वर्षांपूर्वीच्या आकड्यापेक्षा पावणेदोन लाखांनी कमी, आढळली. कर भाड्यावर आधारलेला असल्याने त्याचा पाया आकुंचन पावला. कर्जाचे हप्ते मात्र कमी झाले नाहीत. ही तूट भरून काढण्याचा भार मागे राहिलेल्या करदात्यांवर पडला. १८७०-७१ मध्ये करदात्यांनी मोठे आंदोलन केले व क्रॉफर्ड यांना पद सोडावे लागले. त्यांनी केलेली कामे शहराच्या आरोग्यास उपकारक होती, हे टीकाकारांनाही नाकारता आले नाही. आक्षेपाचा रोख वेगळा होता : ज्यांनी पैसे भरावयाचे, त्यांना हिशेब विचारण्याचा अधिकार नव्हता. फिरोजशहा मेहता यांनी १८७१ मध्ये या प्रश्नावर वाचलेल्या निबंधात कार्यकारी सत्ता एकाच हाती ठेवावी. परंतु तिच्यावर निवडून आलेल्या मंडळाचा अंकुश असावा, असे प्रतिपादन केले.

१८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची महानगरपालिका स्थापन झाली. त्यांपैकी निम्मे सदस्य करदात्यांनी निवडावयाचे होते. आर्थिक व्यवहारांवर देखरेख ठेवण्यासाठी नगर परिषद नेमण्यात आली. १८८८ च्या कायद्याने तिची जागा स्थायी समितीने घेतली. आयुक्ताने अंदाजपत्रक मांडावे, स्थायी समितीने ते तपासावे व महानगरपालिकेने मंजूर करावे, ही रीत तेव्हापासून रूढ झाली. वाढीच्या खर्चाचा अंदाज कोण तपासणार, या प्रश्नाचे हे संस्थात्मक उत्तर होय.

सुधार न्यास : १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्‌भवली आणि दाटीच्या वस्त्यांच्या सुधारणेचा प्रश्न निकडीचा झाला. त्यासाठी १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट हा स्वतंत्र न्यास स्थापन करण्यात आला. नागपाडा, प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड येथील जुनी वस्ती पाडून रुंद रस्ते काढणे आणि दादर-माटुंगा भागात नव्या वसाहती आखणे, ही त्याची प्रमुख कामे. सरकार व नगरपालिका यांच्या जमिनी न्यासाकडे देण्यात आल्या. कर्ज काढून सुधारणा करावयाच्या, सुधारलेले भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने द्यावयाचे आणि भाड्यातून कर्ज फेडावयाचे, अशी ही योजना होती. नव्या रस्त्याला लागून असलेली जादा जमीनही संपादन केल्यास रस्त्यामुळे वाढलेले तिचे मूल्य न्यासाला मिळे. पण संपादनाची भरपाई देतानाच बरीच रक्कम खर्ची पडे. शिवाय पाडलेल्या खोल्यांतील भाडेकरूंचा हिशेब या ताळेबंदात नसे. ते शेजारच्या गल्लीत दाटी करून राहत आणि तेथील पाणी, सफाई व आरोग्य यांचा वाढता भार नगरपालिकेवर पडे. एका संस्थेची शिल्लक ही दुसऱ्या संस्थेची तूट ठरू शकते, हे यावरून ध्यानात येते. १९३३ मध्ये न्यास महानगरपालिकेत विलीन झाला.

मूल्यवृद्धीतील वाटा : मुंबई नगररचना अधिनियम, १९१५ या कायद्याने निराळा मार्ग दाखविला. नगररचना योजनेखालील सर्व जमीन एकत्र धरून तीतून रस्ते व सार्वजनिक जागा वगळावयाच्या आणि उरलेली जमीन सुबक भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत करावयाची, असे त्याचे तत्त्व होते. योजनेमुळे भूखंडाचे मूल्य जितके वाढेल, त्याच्या निम्म्यापर्यंत अंशदान मालकाकडून घेता येई. भरपाई आणि अंशदान यांची परस्पर वजावट होई. वाढीचा लाभ ज्याला मिळतो, त्यानेच तिच्या खर्चाचा भाग उचलावा, हे तत्त्व येथे प्रथमच कायद्याच्या चौकटीत बसविले गेले. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले इ. उपनगरांच्या कित्येक भागांची आखणी अशा योजनांनी झाली आहे.

याच्या उलट उदाहरण १९२० नंतरच्या बॅक बे भरणी योजनेचे आहे. ती प्रांतिक सरकारच्या विकास खात्याने हाती घेतली होती. भरणीची जमीन चढ्या भावाने विकली जाईल, या अंदाजावर तिचे गणित बेतलेले होते. भरावाचे काम अपेक्षेपेक्षा कितीतरी मंद व खर्चिक ठरले. दरम्यान युद्धोत्तर तेजीही ओसरली. खु. फ. नरीमन यांनी या कारभारावर प्रखर टीका केली. १९२६ मध्ये ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली व योजनेतील मधले विभाग सोडून द्यावे लागले. त्याच खात्याने कामगारांसाठी ५०,००० गाळे बांधण्याचे योजिले होते. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. बांधकामाचा खर्च निघेल इतके भाडे देण्याची कामगारांची ऐपत नव्हती. त्यामुळे बऱ्याच खोल्या प्रारंभी रिकाम्या राहिल्या आणि तोट्याचा बोजा सार्वजनिक तिजोरीवर पडला. या गृहनिर्माणास साहाय्य म्हणून मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया नगरशुल्क बसविले होते.

गोठलेला पाया : महानगरपालिकेची हद्द १९५० मध्ये व पुन्हा १९५७ मध्ये विस्तारून दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. अशा विस्तीर्ण उपनगरांना पाणी व गटारे पुरविण्याची जबाबदारी तिच्यावर आली, त्याच काळात तिचा मुख्य कर खुंटला होता. १८८८ च्या कायद्यानुसार इमारतीच्या वाजवी वार्षिक भाड्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करून करयोग्य मूल्य ठरत असे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठविली आणि करयोग्य मूल्य प्रमाण भाड्यापेक्षा अधिक धरता येत नाही, असे न्यायालयीन निर्णयांनी स्पष्ट झाले. परिणामी जमिनीचे भाव अनेक पटींनी वाढूनही जुन्या इमारतींवरील कर जवळजवळ होता तेथेच राहिला. १९६५ मध्ये सुरू झालेल्या जकातीने ही उणीव भरून काढली. जकात मालाच्या किंमतीबरोबर वाढे. परंतु नव्या वस्तीचा खर्च आणि तिच्याकडून येणारे उत्पन्न यांची सांगड तिच्यामुळे तुटली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच जकात रद्द झाली आणि तिच्याऐवजी राज्य शासनाकडून कायद्यान्वये भरपाई मिळू लागली.

अलीकडील प्रवृत्ती : १९९२ मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात विकास आकाराची तरतूद समाविष्ट झाली. वाढीव चटई क्षेत्र निर्देशांकासाठी अधिमूल्य आकारण्याची प्रथाही पुढे रुळली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने आरक्षित जमिनीच्या मोबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची सोय केली. जमीन मिळविण्यास रोख रक्कम लागत नाही, हा या सोयीचा उघड लाभ. परंतु तो हक्क ज्या भागात वापरला जातो, तेथील पाणी व रस्ते यांवर पडणारा ताण हीसुद्धा एक किंमतच आहे. अधिमूल्य बांधकामाच्या वेळी एकदाच मिळते, तर इमारतीला सेवा पुरविण्याचा खर्च ती उभी असेपर्यंत चालू राहतो. एकरकमी प्राप्तीची नियमित उत्पन्नात गणना केल्यास १८६५ ची चूक वेगळ्या रूपाने पुन्हा घडू शकते.

२०१० पासून मुंबईत मालमत्ता कर भांडवली मूल्यावर आकारला जाऊ लागला. त्यासंबंधीचे काही नियम न्यायालयात टिकले नाहीत. जमिनीचे मूल्य तिच्या सद्यःस्थितीवरून ठरवावे, भावी बांधकामाच्या शक्यतेवरून नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केले. न झालेल्या वाढीवर कर घेता येत नाही, असा याचा मथितार्थ. दुसऱ्या बाजूने, तिच्यासाठी जलवाहिन्या व रस्ते मात्र आगाऊच बांधावे लागतात.

१९९३ मध्ये अंमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक दर्जा दिला आणि त्यांच्या वित्तीय स्थितीचे परीक्षण राज्य वित्त आयोगाकडे सोपविले. तथापि किती बांधकामास अनुज्ञा द्यावी, कोणता कर किती असावा व कोणास सूट द्यावी, यांविषयीचे महत्त्वाचे निर्णय अद्यापि बव्हंशी राज्य पातळीवर होतात. मुंबईच्या दीर्घ अनुभवावरून असे दिसते, की वाढीचा अंदाज चुकण्याचे कारण गणिताच्या अपूर्णतेत क्वचितच असते. जो निर्णय घेतो, ज्याला लाभ होतो आणि जो खर्च भरतो, हे तिघे भिन्न असले, म्हणजे अंदाज आशावादी होतात. १८७१ च्या करदात्यांनी हिशेब विचारण्याचा जो हक्क मागितला, तो म्हणूनच कोणत्याही मूल्यमापनपद्धतीचे पहिले अंग होय.